पाच नंबरचे बघे

दोऱ्या घेऊन टेम्पो काल वर गेला. पांढऱ्या दोऱ्यांची वेटोळी, लोखंडी खुंट्या आणि घडीच्या खुर्च्या. मार्गशीर्ष लागला, वालाच्या वेलांना शेंगा धरल्या, संध्याकाळी कुठूनतरी शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्याचा वास येऊ लागला, की आमच्या गावावरच्या माळावर गोल्फचे सामने होतात. माणसं मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरतात आणि गाड्यांनी वर येतात. दोन दिवस माळावर इतकी माणसं असतात आणि तरी इतकं गप्प असतं, की खालच्या खाचरात पांढरा कांदा लावणाऱ्या बायकांचं बोलणं वरपर्यंत ऐकू येतं.

भावजी गेल्यानंतरचे हे पहिले सामने. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला होते. श्रावणात गेले. काल टेम्पो दारावरून गेला तेव्हा मी अंगण झाडत होते. खुंट्या एकमेकींवर खणखणल्या आणि तीन वर्षांपूर्वीचा मोसम अंगणात येऊन उभा राहिला. मी झाडू तसाच हातात धरून किती वेळ होते कुणास ठाऊक.

मी त्या गोल्फवर तण काढायला जाते. आम्ही आठ-दहा बायका ओळीनं उकिडव्या बसतो आणि तशाच पुढं सरकत जातो. तिथलं गवत म्हणजे गवत वाटत नाही, ओल्या घोंगडीवर हात फिरवल्यासारखं लागतं. पहाटेच्या दवात बोटं बधिर होतात. उन्हं आली की पाण्याच्या तोट्या सुरू होतात आणि सगळ्या माळावर शू... शू... असा आवाज चालू होतो. बाळाला निजवताना करतात तसा. बाकीच्या बायकांना तो ऐकूही येत नसेल. मला येतो.

सामन्याच्या दिवशी आम्हाला मागच्या शेडमध्ये बसवून ठेवत. आम्ही दिसायचं नाही. त्या वर्षी मात्र मुकादम आदल्या दिवशी येऊन बोलला, "उद्या बऱ्यापैकी साड्या नेसून या. दोरीच्या भायेर उभं ऱ्हायचं. मान्सं कमी हायेत, फोटोत मैदान रिकामं दिसतंय."

माझ्या शेजारची कुंदा माझ्याच बाजूला बसून तण काढते. तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. ती बोलली, "उभं ऱ्हाऊन करायचं काय?"

"काय न्हाय. बघायचं."

"काय बघायचं?"

"गोल्फ."

"अरे पन त्यात बघायचं काय?"

मुकादमालाही ते माहीत नव्हतं. तो बोलला, "बाकीची बघतील तिकडं बघा. टाळ्या सगल्यांच्या मागनं वाजवा. आधी वाजवल्या तर साहेब मना हाकलील."

आम्ही गेलो. प्रत्येकीला एक पांढरी टोपी दिली. कुंदानं ती पदरावरून घातली आणि बोलली, "शिमग्याला सोंग काढायला नको, आताच निघालं."

कुंदाचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. खरंच, त्यात बघायचं काय असतं? आमच्याकडची माणसं कबड्डीवर वाढलेली. कबड्डीला माणूस झाडावर चढून बसतो, कौलांवर बसतो. चढाई करणाऱ्याचा दम आपल्या छातीत भरतो. पकड झाली की शेजारचा माणूस आपल्या खांद्यावर थाप मारतो, मग तो ओळखीचा असो की नसो. खेळ समोर असतो, सगळा एका नजरेत. गोल्फ तसा नाही. मारणाऱ्याच्या मागे उभं राहिलं तर चेंडू निघालेला दिसतो आणि मग आभाळ दिसतं. पुढं जाऊन उभं राहिलं तर नुसता पडलेला दिसतो, कुठून आला ते कळत नाही. मध्ये उभं राहिलं तर डोक्यावरून काहीतरी गेल्याचं जाणवतं, एवढंच. अठरा ठिकाणी खेळ चाललेला असतो आणि माणसाला डोळे दोन. बघणाऱ्याच्या वाट्याला जास्त करून पुढच्याची पाठ येते.

तरी माणसं येतात. चांगली शिकलेली, लांबून आलेली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण घेऊन उभे होते. मी कुणाशी आपण होऊन बोलत नाही, पण त्यांनी मला विचारलं, "दिसला का हो तुम्हाला, कुठे पडला?"

मला दिसला होता. मी बोट दाखवलं.

ते हसले. "मी दुर्बीण लावून शोधेपर्यंत पुढचा माणूस मारून मोकळा होतो. घरी टीव्हीवर सगळं स्पष्ट दिसतं. इथं काही दिसत नाही."

"मग इतक्या लांब कशाला येता?" माझ्या तोंडून गेलं आणि मलाच लाज वाटली.

त्यांनी राग मानला नाही. दुर्बिणीची काच रुमालानं पुसत थोडा विचार केला आणि बोलले, "टीव्हीसमोर बसलं की घरात कोणी ना कोणी बोलत राहतं. इथं दोन-तीनशे माणसं एकदम गप्प उभी राहतात. तेवढ्यासाठी येत असेन बहुधा."

त्यांचं खरं होतं. मारणारा काठी घेऊन उभा राहिला की दोरीपाशी नेमलेला एक टोपीवाला माणूस दोन्ही हात वर करतो आणि सगळे थांबतात. चालणारा माणूस उचललेला पाय खाली ठेवत नाही. खोकला आला तर गिळतात. माना किंचित खाली. मी त्या माणसांकडे बघत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण आम्ही त्या अठरांतल्या पाच नंबरवर उभ्या होतो.

पाच नंबर आहे तिथं पूर्वी उंडीचं झाड होतं. त्या झाडाच्या आसपास गावातली लहान मुलं पुरत. दात न आलेली, नाव न ठेवलेली. त्या जागेला नाव नव्हतं. नुसतं 'तिकडं' म्हणत. माझी पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. शेजारून मागून आणलेला पाळणा घरात येऊन पडला होता. हेच दिवस होते. सकाळी दारात कुणीतरी वालाच्या शेंगांची पाटी ठेवून गेलं होतं, ती तशीच राहिली.

बायकांनी तिकडं जायचं नसतं. आईनं तर मुळीच नाही. आईला जागाही सांगत नाहीत. सांगितली तर ती जात राहते आणि पुढचं मूल धरत नाही, अशी समजूत. सासरे, हे आणि भावजी असे तिघे गेले. सासऱ्यांच्या खांद्यावर कुदळ, ह्यांच्या हातात मिठाची पिशवी, आणि मुलगी भावजींच्या हातात. भावजी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. मला खिडकीतून त्यांची पाठ दिसली. त्यांनी दोन्ही कोपर अंगाशी घट्ट धरले होते, पाणी भरलेलं भांडं नेतात तसे. बांध उतरून वर चढेपर्यंत ती पाठ मला दिसत होती. मग दिसेनाशी झाली. माझ्या सासूनं फडक्यानं माझी छाती आवळून बांधली होती, ते फडकं भिजलं.

तिघे परत आले, विहिरीवर आंघोळी केल्या. हे आत येऊन बोलले, "झालं." तेवढंच बोलले. त्यानंतर तिच्याबद्दल घरात कधीच कुणी बोललं नाही. पुढं मला दोन मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या घरी गेली. बारशाला पाळणा हलवताना दोन्ही वेळा माझा हात थांबत होता. सासू म्हणायची, "हलव गो, काय बघतंस?" मी हलवायची.

मग माळ विकला गेला. आमचा त्यात तुकडा नव्हता, त्यामुळे आम्हाला विचारायला कुणी आलं नाही. एक उन्हाळाभर वर जेसीबी चालला. उंडी पडली त्या दिवशी आवाज खालपर्यंत आला. सपाट होतं तिथं उंचवटे झाले, उंच होतं तिथं सपाट झालं, आणि पाच नंबरला पुरुषभर खोल खड्डा खणून त्यात पांढरी वाळू भरली. जेसीबीचे दात मातीत शिरले की मी घरात जिथं असेन तिथं उभी राहायची. एकदा हे जेवत होते आणि आवाज चालू होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात न धुता बाहेर गेले. विचारायचं ते मी त्या वेळीच विचारायला हवं होतं. मागून सासरे गेले, हे गेले. मी विचारलं नाही.

मला एवढंच कळायला हवं होतं. ती कुठं होती आणि खड्डा कुठं झाला. ती अजून आहे, की उकरली गेली.

कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा पाच नंबरवर माझ्या बोटांना मातीत काहीतरी लागलं. टणक, गोल. वरची माती सारली तर पांढरं दिसलं, वाटीच्या पाठीसारखं. मी त्यावर तळहात ठेवला आणि तशीच बसून राहिले. कुंदा दोन हात पुढं गेली होती, तिनं मागं वळून बघितलं. "काय झालं गो? इंचू चावला?" ती आली, तिनं माझा हात उचलला आणि खालचा चेंडू काढला. गोल्फचा चेंडू. मातीत रुतून राहिलेला. "ह्यो बघ," ती बोलली, "एवढा मोठा माळ आनि एवढासा चेंडू. हरवला तर हरवला, मान्सानं दुसरा काढावा. ही शोधत बसतात." तिनं तो पदराला पुसला आणि मुकादमाला दिला. माझा तळहात दिवसभर थंड होता.

तर सामन्यांच्या पहिल्या दिवशी, शनिवारी, दोरीबाहेर उभी असताना माझ्या लक्षात आलं, की बघणाऱ्याला इथं कुणी अडवत नाही. एरवी फाटकावर पहारेकरी असतो, बाहेरच्या माणसाला वर येता येत नाही. आम्हाला येता येतं पण मान वर करता येत नाही. बघणारा मात्र दोरीच्या कडेनं कुठंही चालतो, कुठंही थांबतो, आणि तो का थांबला हे कुणी विचारत नाही. कामाच्या बायकांना घरचं एक माणूस आणायची मुभा होती. जागा माहीत असलेला माणूस जगात एकच उरला होता, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

भावजी यार्डातून घरी आले होते. त्यांचं घर आमच्या मागच्या अंगाला. मी गेले तेव्हा ते भाकरीचा तुकडा मोडत होते. माझी जाऊ त्यांना सुकटीची चटणी वाढत होती. मी दारातच उभी राहून बोलले, "भावजी, उद्या गोल्फ बघायला येता?"

ते हसले. "मी? त्या काठ्या बघायला? कबड्डी असती तर आलो असतो वयनी. त्यात काय हाय?"

जाऊ बोलली, "जावा की. टोपी मिलते, कुंदा सांगत व्हती."

मी बोलले, "पाच नंबर उंडीपाशी हाय."

भावजींचा हात थांबला. जावेला काही कळलं नाही. ती लग्न होऊन आली ती नंतर. भावजींनी तुकडा परत ताटात ठेवला. माझ्याकडे न बघता बोलले, "किती वाजता?"

रविवारी थंड वारा होता. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला जातात तसा. गोल्फ झाल्यापासून ते वर आले नव्हते. फाटकातून आत आल्यावर ते थांबले आणि इकडून तिकडे बघत राहिले. "हे काय केलंय," एवढंच बोलले. मग आम्ही दोरीच्या कडेनं चालू लागलो. एक नंबर, दोन नंबर. लोक टाळ्या वाजवत होते, आम्हीही वाजवल्या. बघणाऱ्यांच्या घोळक्यात आम्ही दोघं असे चाललो होतो, की बघणाऱ्याला वाटावं दीर-भावजय खेळाचे मोठे शौकीन आहेत.

पाच नंबरला भावजींनी आधी खाडीचं तोंड बघितलं, मग मागचा डोंगर बघितला. हातानं हवेत काहीतरी जुळवलं. वाळूच्या खड्ड्यापाशी आले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मी त्या खड्ड्याकडे बघू शकत नव्हते. ते पुढं गेले, परत मागं आले, पुन्हा पुढं गेले. मग त्यांना दोन माड दिसले. दोरीच्या बाहेर, बघणारे उभे राहतात तिथं, एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर दोन उंच माड. भावजींचा चेहरा एकदम सैल झाला. ते भराभर गेले आणि दोन माडांच्या मधोमध उभे राहिले.

"हितं, वयनी."

टोपीवाल्या माणसानं दोन्ही हात वर केले होते. सगळा माळ गप्प होता. भावजींनी आवाज खाली घेतला. "हे दोन माड तवा पन व्हते. मधोमध ठेवली. खड्डा त्यो तिकडं ऱ्हायला, चालीस पावलं. तिला कोन लागलं न्हाय."

मी खाली बघितलं. गवत होतं.

"दादा बघत नव्हता," भावजी बोलले. "त्यो मीठ घेऊन पाठमोरा उभा. मीच उतरवली. वयनी, यार्डात क्रेन पेटी खाली उतरवते नं, अशी हलूहलू. रोज बघतंय. दरवेलेस माझ्या हातांना वजन लागतं. एवढंसं वजन." त्यांनी दोन्ही हात पुढं धरले. शेजारची माणसं आभाळात बघत होती. चेंडू कुठंतरी पडला असावा, कारण टाळ्या वाजल्या.

ते माड इथं आले ते मी पाहिलं होतं.

जेसीबी गेला त्याच्या पुढच्या वर्षी दोन लॉऱ्यांतून आले. आडवे निजवलेले, मुळांना गोणपाट बांधलेलं, झावळ्या दोरीनं आवळलेल्या. क्रेननं उचलून उभे केले. आम्ही सगळ्या बायका बांधावर बघायला गेलो होतो. कुंदा बोलली होती, "माडाची पन वरात निघाली." भावजी तेव्हा न्हावा शेव्याला होते. आमच्याकडचा माणूस जागा ओळखतो ती झाडावरून. सातबाऱ्यात चूक होईल, माड चुकत नाही. एवढा उंच माड म्हणजे आज्याच्या हातचा, हे त्याला शिकवावं लागत नाही. वाढलेला माड लॉरीत बसून येतो, हे त्याच्या मनात कसं यावं?

"पटलं नं वयनी?" भावजींनी विचारलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंडावर असं काही होतं, जे मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ते काय वागवत होते ते मला त्या घटकेला दिसलं. माझ्याजवळ निदान विचारण्यासारखं काही होतं. त्यांच्याजवळ सांगायचं होतं, आणि कुणी विचारलंच नव्हतं.

"व्हय भावजी," मी बोलले. "हितंच."

ते तिथं गवतावर बसले. मीही बसले. कुणी हटकलं नाही, खेळ बघून दमलेली माणसं तिथं बसतातच. दुर्बीणवाले आजोबा आमच्यासमोरून गेले, मला ओळखून मान हलवली. दोन तास आम्ही तिथं होतो. पुढून किती खेळणारे गेले, कोण जिंकलं, मला माहीत नाही. टोपीवाला हात वर करायचा तेव्हा तेवढी सगळी माणसं माझ्या मुलीच्या आसपास गप्प उभी राहायची. किंवा तिच्यापासून चाळीस पावलांवर. किंवा ती नव्हतीच, आणि ती सगळी रिकाम्या मातीपुढं माना खाली घालून उभी होती.

गोल्फ बघण्याच्या लायकीचा खेळ आहे का, असं मला कुणी विचारणार नाही. विचारलं तर सांगेन, खेळच बघायचा असेल तर कबड्डी बघावी. गोल्फच्या खेळात बघणाऱ्याला द्यायला फार थोडं आहे, जितकी माणसं येतात तितकं तर नक्कीच नाही. पण येणाऱ्यांना मी हसत नाही. जे बघायचं आहे ते दिसत नाही आणि तरी त्या दिशेला बघत उभं राहायचं, हे सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमतं त्यांना कुठंतरी जागा हवी असते. बाकी ठिकाणी एवढा वेळ गप्प उभं राहिलं तर लोक विचारतात, काय झालं.

भावजी पुढच्या वर्षीही आले, त्याच्याही पुढच्या वर्षी आले. दर वेळी थेट माडांच्या मध्ये जाऊन बसत. श्रावणात ते गेले तेव्हा जाऊ मला बोलली, "आजारात सारखं बोलायचे, पोरीला सावली हाय. कुनाची पोर वयनी? मना काय सांगितलं न्हाय." मी तिला सगळं सांगितलं. माड लॉरीतून आले, एवढं सोडून. माडाची सावली ती कसली, काठीएवढी. दिवसभर फिरत असते.

या आठवड्यात आम्ही पाच नंबरवर आहोत, सामन्यांच्या आधी सगळं साफ करून द्यायचं आहे. बाकीच्या बायकांच्या हातात खुरपी आहेत. माझ्या नाही. त्या रविवारनंतर मी पाच नंबरवर खुरपं लावलेलं नाही. माडांच्या मध्ये नाही, खड्ड्याच्या काठावर नाही, दोरीच्या आत नाही, बाहेर नाही. एकेक काडी चिमटीत धरते, मुळापाशी माती बोटानं सैल करते आणि ओढते. दुसऱ्या जागा मी सगळ्यांबरोबर उरकते. इथं मागं पडते.

आज कुंदा वळून माझ्याकडे आली. माझी नखं बघितली, काळी झालेली, एक फाटलेलं. बोलली, "अशानं शिमग्यापर्यंत तुझा पाच नंबर सरायचा न्हाय."

"नको सरू दे," मी बोलले आणि पुढची काडी धरली.